सुमनवहिनीचा ढिला पडदा

अख्ख्या अमरावतीत माह्यासारखा ताणून पडदा बांधणारा मंडपवाला दुसरा नाही. हे मी सोताच सांगून राहिलो, कारण आजवर दुसऱ्या कोनी सांगितलं नाही. सुमनवहिनी गेली त्या दिवशीबी मी एका लगनाच्या मंडपात शिडीवर होतो. दोन्ही हातानं छताचा कपडा ओढून धरला होता, दोरी दातात होती अन् खिशात फोन वाजून राहिला होता. कसाबसा काढून खांद्यानं कानाशी धरला. अकोल्याहून वहिनीच्या शेजारच्या कमलबाई. म्हनल्या, "भाऊ, तुमच्या वहिनी गेल्या." मी दोरी दातात तशीच ठेवून इचारलं, "कुठं गेल्या?"

आता यात माही चूक कमी अन् वहिनीची जास्त. थे बाई एका जागी कधी ऱ्हायलीच नाही. वहिनी गेल्या म्हनलं का आमच्या घरी पहिला सवाल हाच, कुठं? पातूरले गेली, अंजनगावले गेली, कोनाच्या बारशाले गेली, बारसं नसन तरी गेली. कमलबाई म्हनल्या, "आता कुठं म्हनून सांगू तुमाले..." तवा कुठं माह्या दातातून दोरी सुटली. छत खाली आलं, अन् खाली नवरीचा मामा उभा होता, सारं त्याच्या डोक्यावर. तो अंदरून वरडून राहिला अन् मी शिडीवर तसाच, हात वर. धरायले काही नव्हतं, तरी वर.

याले आता काही आठवडे झाले. सून म्हनते, बाबा, तुमी सांगा, मी लिहून घेते, पेपरच्या पुरवणीत देऊ. मी शाळेत शिकायले कमी अन् शाळेच्या गॅदरिंगचा मंडप बांधायले जास्त गेलो, त्यामुळं लिहायचं काम तिचं. तिची एकच अट, बसून सांगा. तेच जमून नाही राहिलं. उठतो, दाराशी जातो, परत येतो, पानी पेतो, कुठं होतो म्हनतो. सून पेन घेऊन बसली हाय अन् मी घरात चकरा मारून राहिलो. ही सवय माही नव्हती. ही वहिनीची. जाता जाता मले देऊन गेली वाटते.

त्या दिवशी मूर्तिजापूर येईपर्यंत मी यष्टीत उभाच होतो. जागा होती. कंडक्टर म्हनला, "काका, बसा ना, तिकीट तेवढंच हाय." अकोल्याले पोचलो तर घरासमोर मानसं. वहिनीले हॉलात ठेवलं होतं, तोंडावर नेहमीचाच भाव, आता उठते अन् चाल्ली. तिच्या मागं खिडकीवर माही सतरंजी पडदा म्हनून लोंबून राहिली होती. दोन पदरी, जुनी, तिच्यावर कोन्या लगनातल्या रश्श्याचे डाग, वरच्या बांबूपासून खाली पार ढिली, मधात हे एवढं पोट आलेलं. मानसं येऊन राहिली, हात जोडून राहिली अन् वर पाहून राहिली. एक म्हातारे पाव्हने माह्याजवळ सरकले. हळूच म्हनले, "तुमीच काय मंडपवाले दीर?" मी म्हनलं, हाव. "मंग हे असं काहून बांधलं? घरच्या कामाले हात ढिला होते वाटते." मी रडून राहिलो होतो, तरी मले राग आला. वाटलं, या मानसाले सांगाव का बाप्पा, हा माह्या जिंदगीतला सगळ्यात चांगला बांधलेला पडदा हाय. पन त्यासाठी सारी कहानी सांगा लागली असती, अन् तिथं जागा नव्हती. म्हनून इथं सांगून राहिलो.

सुमनवहिनी म्हनजे माह्या थोरल्या भावाची बायको. दादा अकोल्यात कापसाच्या जिनिंगमधी होता. तो दवाखान्यात गेला तवा त्याचा एकुलता पोरगा नित्या पुण्याहून निघाला होता, पन वाटेतच सारं आटोपलं. त्याले बापाचं तोंड दिसलं, आवाज नाही ऐकाले भेटला. वहिनी पहिलेच फिरती, त्यानंतर तर तिच्या पायाले जी भिंगरी लागली ती लागली. सकाळी अमरावतीची गाडी धरून माह्या घरी यायची, उभ्यानं चहा प्यायची अन् "बरं, निघते" म्हनायची. माही बायको म्हने, "अवो बाई, मंग आल्या काहून?" वहिनी म्हने, "घरी बसलं का भिंती जवळ येते. बाहेर पडली का जरा मागं सरकते."

नित्याले तिची काळजी. आई एकटी, बाप असा गेला, उद्या हिले काही झालं तर मी पुन्हा वाटेतच राहीन, हे भेव त्याच्या पोटात बसलं होतं. त्यानं तिले पुण्याले नेलं बी एकदा. कुठंतरी लय वरच्या मजल्यावर फ्लॅट. परत आली तर म्हनली, "भाऊजी, तिथं सारं हाय. फक्त जायले जागा नाही. लिफ्टमधी वर-खाली करून करून वॉचमनले वाटलं मी हरवली." तरी नित्याचं चालूच, आई, इकडं ये. अन् हिचं चालूच, पाहू.

असंच एका उन्हाळ्याच्या तोंडाले ती कूलर काढायले माळ्यावर चढली. कूलर ऱ्हायला वरच, अन् हाती आलं नित्याचं शाळा-कॉलेजातलं बांबूचं धनुष्य, बाणासकट. पोरगं खेळायचं तवा वहिनी डबा घेऊन मैदानाच्या कडेले बसायची. बसायची म्हनजे उभीच, पन हे तुमाले आता सांगा लागत नाही. तिनं दोरी चढवली अन् ओढून पाहिली. मंग शिकायले मैदानावर गेली तर तिथले सर म्हनले, "आजी, नातवाले घ्यायले आल्या काय?" आजी म्हनल्याचं तिले काही नाही वाटलं. नातवाचं लागलं, कारण अजून सुनेचाच पत्ता नव्हता. परत आली अन् ठरवलं, बाण घरातच मारायचे. स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत हॉलाची जेवढी लांबी, तेवढं मैदान.

मले फोन आला, "भाऊजी, हॉलात मजबूत पडदा बांधून पायजे. खिडकीसकट भिंत झाकली पायजे." मी इचारलंच नाही कायच्यासाठी. मंडपवाल्याले पडदा म्हनलं का एकच गोष्ट समजते. नित्याचं जमलं! मी अंजनगावच्या मावशीले फोन लावला, मावशीनं साऱ्या तालुक्याले लावला. बायको काठापदराची नेसली. मी गोडाऊनमधून सोनेरी झालरीचा, मधात मोर असलेला पडदा काढला अन् अकोल्याले हजर. दार उघडलं तर वहिनी हातात धनुष्य घेऊन उभी. तिनं मोर पाहिला, बायकोची साडी पाहिली अन् म्हनली, "हे काय? माहं लगन लावता काय?"

लय हासली त्या दिवशी. दादा गेल्यावर पहिल्यांदा. मंग मले ओढून दाखवलं. हात गालापाशी आला अन् थे बाई, जी कधी एका जागी टिकली नाही, थे थांबली. पापनी नाही हालली. मले कसंतरीच झालं, जसा चालू पंखा एकदम बंद पडावा. मंग दोरी हळूच परत नेली अन् म्हनली, "ओढून धरलं का डोक्यातलं सारं थांबते, भाऊजी. सोडलं का पुन्हा सुरू. मले तेवढीच येळ पायजे."

नित्याले तिनं लपवलं नाही. फोन स्पीकरवर टाकला. पुण्यात राहून पोराच्या तोंडात मला-तुला आलं हाय. "आई, तुला वेड लागलंय का? भर वस्तीत बाण?" वहिनी म्हनली, काका पडदा बांधून राहिले, बाहेर नाही जात. पोरगं म्हनलं, "ठीक आहे. पण एक बाण, एक जरी बाण घराबाहेर गेला, त्याच दिवशी मी गाडी घेऊन येतो. मग पुणे. मग ऐकणार नाही." अन् तो हुशार, फोन ठेवून त्यानं कमलबाईले लावला, मावशी, जरा लक्ष ठेवा. कमलबाई म्हनजे अंगनवाडीतून रिटायर झालेल्या. साऱ्या गल्लीतले लेकरं त्याहिच्या हाताखालून गेलेले, त्याहिच्या डोळ्यातून काही सुटत नाही. म्हनजे पडदा फाटला का वहिनीचं घर सुटलं, एवढं सारं माह्या दोऱ्यावर येऊन बसलं.

मी मोर गुंडाळला अन् दुसऱ्या दिवशी सतरंजी आनली. आता माहं सारं नाव ताणन्यावर. पडद्याले सुरकुती दिसली का मले जेवन जात नाही. खिडकीच्या वर बांबू मारला, खाली बांबू मारला, सतरंजी चारी बाजूनं अशी ओढली का बोट मारलं तर ढोलकी वाजावी. समोर निशान म्हनून पोत्यात कूलरच्या जुन्या गवताच्या ताट्या भरून ठेवल्या. वहिनी पाहून राहिली होती. म्हनली, "भाऊजी, मैदानावर निशानाच्या मागं पडदा राहते, पन तो असा नाही राहत. ढिला लोंबते." मी म्हनलं, "ते सरकारी काम हाय. हे माहं काम हाय." वरून म्हनलं, पहिला बाण मीच मारून दाखवतो. लहानपनी गलोलीनं मी चिंचा पाडायचो. चिंच कधी पडली नाही, एकदा गुरुजीचा चष्मा पडला, पन नेम मोठा होता.

वहिनी म्हनली, खिडकी लावा आधी. मी म्हनलं, कायले? ओढलं, सोडलं. समोरचं पोतं एवढं मोठं, तेबी मी चुकवलं. बाण पोत्याच्या बाजूनं गेला अन् सतरंजीत शिरला. ताणलेल्या कपड्याले मागं सरकायले जागाच नसते, तो काय करन? फाटला. टर्र असा आवाज आला अन् बाण खिडकीतून गायब. वहिनीचं तोंड पांढरं झालं. मले वाटलं ती मले शिव्या देईन, पन ती फक्त भिंतीकडं पाहून राहिली, मंग दाराकडं, मंग माळ्याकडं, जशी घरातल्या एकेका गोष्टीले भेटून राहिली.

तेवढ्यात दारात कमलबाई. एका हातात बाण, बाणाच्या टोकाले आरपार घुसलेली ओली कुरडई. अंगनात बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. "हे कोनाचं?"

मी म्हनलं, "माहं."

"कुरडई माही हाय. बाण इचारून राहिली."

वहिनी पुढं झाली. "कमलबाई, लागलं तर नाही ना कोनाले?"

"कुरडईले लागलं." कमलबाईनं हॉल पाहिला, फाटलेली सतरंजी पाहिली, मले वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नितीनले फोन करा लागते मले. शब्द दिला हाय त्याले."

वहिनीनं हात जोडले नाही, विनंती नाही केली. फक्त बसली. पहिल्यांदा मी तिले अशी खाली बसलेली पाहिली, अन् ते पाहवत नव्हतं. मी म्हनलं, "कमलबाई, मारला मी हाय. नेमबाज मी, पुण्याले मले न्या म्हना." कमलबाईनं माह्याकडं ध्यान नाही दिलं. वहिनीकडं पाहत राहिल्या. बाणावरची कुरडई हळूच काढली. मंग बाण उलटा-सुलटा केला अन् इचारलं, "याले ओढते कसं?"

वहिनीनं वर पाहिलं.

"म्हनजे जोर हाताचा लागते का खांद्याचा?"

तिथून ते दोघीचं झालं. नित्याले फोन गेला, पन कमलबाईनं त्यात एवढंच सांगितलं का, तुझ्या काकाचं काम कच्चं हाय, पुन्हा करून घेऊन राहिलो. खोटं तर काही बोलल्या नाही.

पुन्हा केलं ते वहिनीनं सांगितलं तसं. ताट्या फेकल्या. घरातले जुने कपडे काढले, दादाचे पँट-शर्ट, वहिनीचे लुगडे, घड्या करून एकावर एक रचले अन् खाली-वर फळ्या देऊन बोल्टानं आवळले, हेच नवं निशान. वहिनी म्हनली, "तुमचा भाऊ अन् मी जित्तेपनी एवढे चिपकून कधी बसलो नाही." हे आवळायचं काम मले जमलं. फाटलेली सतरंजी दोन पदरी केली, पन खरी आफत पडद्याची. वहिनी म्हने, वरून फक्त लटकवा, भिंतीपासून हातभर पुढं, खालून मोकळा. मी लटकवला. "अजून ढिला." मी सोडला. "अजून." माह्या अंगावर काटा आला. एखाद्या मानसाले पँटीशिवाय बाजारात उभं केल्यावानी वाटून राहिलं. पन बाण मारला तर काय? निशान चुकलं तरी बाण सतरंजीत आला, सतरंजी मागं सरकली, जशी पंगतीत जावई आल्यावर मानसं सरकते, अन् बाण तिथंच खाली पडला. मुकाट्यानं. वहिनीनं मले पाहिलं. एवढंच म्हनली, "ताणू नका."

मंग रोज दुपारची भांडीकुंडी आटोपली का दोघी हॉलात. कमलबाई डोळा मिटायच्या तो चुकीचा, पन मारायच्या. मी अकोल्याले गेलो का माहं एकच दुखनं, तो पडदा. डोळ्यात खुपायचा. वहिनी चहा ठेवायले गेली का मी हळूच एक टोक खेचून घ्यायचो, जरासंच. चहा घेऊन आली का वहिनी बशी ठेवायची, स्टूल घ्यायची अन् ढिलं करायची. कितीक दिवस आमचं हेच चाललं. आता वाटते, आमी दोघं दीर-भावजय एवढंच बोललो. मी खेचायचं, तिनं सोडायचं.

दिवाळीले नित्या आला. गाडी घेऊन आला, तवाच मी समजलो. आल्या आल्या म्हनला, "दाखव." वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, पदर खोचला. कमलबाई भिंतीले टेकून. मी देवाचं नाव घेऊन राहिलो, कोन्या देवाचं ते आठवत नाही. तिनं ओढलं. थांबली. सोडलं. बाण कपड्याच्या गठ्ठ्यात लागला. दुसरा चुकला, पडद्यानं झेलला. नित्या त्या लोंबत्या सतरंजीजवळ गेला, हातानं हालवून पाहिली, मागं खिडकी पाहिली. मंग आईमागं येऊन उभा राहिला. मले वाटलं, आता सामान बांधा म्हनते. त्यानं तिचं कोपर धरलं अन् जरासं वर उचललं. "आई, कोपर वर." एवढंच. त्या खेपेले पुण्याचं नाव निघालं नाही.

वहिनी गेली ती सकाळी, अंघोळ करून, देवापाशी जाता जाता. कोनाले येळ नाही दिली. नित्या पुन्हा वाटेतच होता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पोरगं अन् मी हॉलात. तो म्हनला, "काका, घर भाड्यानं द्यायचं म्हणतोय. हा पडदा तुम्ही बांधला, तुम्हीच सोडा." मी स्टूल घेतला. तो माह्या मागून म्हनला, अन् घाबरला का त्याच्या तोंडातलं पुणं निघून जाते, "काका... मले नेऊन टाकाले पायजे होतं काय तिले?"

मी स्टूलावर उभा, हातात दोरी, त्याच्याकडं पाठ. हाताले काही काम पायजे म्हनून दोरीची गाठ चाचपून राहिलो.

तेवढ्यात दार वाजलं नाही, उघडलंच. कमलबाई. दुपारची येळ झाली होती. नित्याकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं, अन् खिळ्यावरचं धनुष्य काढून घेतलं, जसं घरचंच काही काढावं. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. कमलबाईनं बाण लावला, ओढला, चुकीचा डोळा मिटला. मंग परत खाली केला. माह्याकडं पाहून म्हनल्या,

"सरका तिकडं."

मी स्टूलावरून उतरलो. त्याहिनं बाणाच्या टोकानं वर दाखवलं. मी पाहिलं तर सतरंजीचं पोट गायब. मी तिले सोडायले चढलो होतो, अन् नित्याचं ऐकता ऐकता मी तिले खेचून ढोलकीवानी टाइट करून ठेवलं होतं.

"ढिली करा ती," कमलबाई म्हनल्या. "बाई गेल्या, पन तुमाले काही शिकवता नाही आलं त्याहिले."